जावईबापू, अजून एक घ्या

पत्ते खेळणाऱ्या आज्यांची एक वेगळी जात असते. एरवी त्या चारचौघींत सहज मिसळून जातात. कीर्तनाला पहिल्या रांगेत बसतात, लोणच्याच्या बरणीला कुणाला हात लावू देत नाहीत, सुनेच्या माहेरची तीन पिढ्यांची माहिती तोंडपाठ ठेवतात. पण घरात चार माणसं रिकामी बसलेली दिसली की त्यांच्या डोळ्यांत हिशेब सुरू होतो. चौघं असले तर मेंढीकोट, तिघं असले तर पाच-तीन-दोन, सहा-सात जमले तर बदामसात, आणि त्याहून गर्दी असली तर दोन कॅट एकत्र करून झब्बू. माणूस लग्नाचं आमंत्रण घेऊन आलाय, उसने पैसे मागायला आलाय की सांत्वनाला आलाय, हे नंतर बघता येतं.

आमची आजी याच जातीतली, आणि त्यातून सोलापूरची. सोलापूरचा इथे संबंध आहे. एप्रिल-मेमध्ये तिथे पारा ४२-४३ वर जातो आणि दुपारी बारा ते चार माणूस बाहेर पडला तर तो एक तर पोस्टमन असतो किंवा बाहेरगावचा. कोकणातल्या मुलांना सुट्टीत आंबे होते, समुद्र होता, पोहायला विहीर होती. आम्हाला पाणी शिंपडलेली शहाबादी फरशी होती, दाराला वाळ्याचा पडदा होता, आणि आजी होती. जेवणं उरकली, भांडी पालथी पडली की ती पदराला हात पुसत माजघरात यायची, आणि सोलापुरी चादर चौघडी घालून अंथरायची. चादरच का, तर फरशीवर टाकलेला पत्ता घसरतो आणि मग तो कुणी टाकला यावरून वाद होतो. चादरीवर पत्ता जिथे पडला तिथेच बसतो. "मी नाही टाकला" म्हणायची सोय नाही.

वाटायच्या आधी पत्त्यांना पावडर लागायची. चेहऱ्याची पावडर आजीनं स्वतः आयुष्यात लावली नाही, पण डबा तिच्या उशाशी असायचा. आमचा कॅट हे एक ऐतिहासिक दप्तर होतं. किलवरची चव्वी कुठल्याशा प्रवासात हरवली होती. तिच्या जागी एक जोकर होता आणि त्याच्या पोटावर बॉलपेननं 'कि. चव्वी' असं लिहिलेलं होतं. बदामच्या नव्वीचा कोपरा काकानं रांगत्या वयात खाल्ला होता, त्यामुळे ती कुणाच्या हातात आहे हे पाठीमागूनही सगळ्यांना दिसायचं. नवा कॅट आणू म्हटलं की आजी म्हणायची, "सगळ्यांनाच दिसतंय की. मग अन्याय कुणावर झाला?" हा युक्तिवाद बिनतोड होता. पुष्कळ वर्षांनी आमच्या लक्षात आलं की नव्वी सगळ्यांना दिसायची, पण आणखी सहा-सात पत्त्यांच्या पाठीवरचे डाग, चिरा आणि हळदीची बोटं फक्त तिला ओळखू यायची.

मेंढीकोटात तिची भिडू ठरलेली. समोरच्या घरातली अक्का. अक्का पद्मशाली, घरात तेलुगू बोलणारी, नवरा चादरीच्या कारखान्यात. तिच्या पोरांना आजीच्या हातची शेंगापोळी आणि आम्हाला तिच्या हातचं पुलिहोरा, असा व्यवहार दोन्ही घरांत कायम चालू. दोघी समोरासमोर बसल्या की आत्या ओरडायची, "खुणा करायच्या नाहीत!" खुणांची गरजच नव्हती. आजीनं इस्पिकच्या राणीची उतारी केली की अक्काला दश्शी कुणाकडे आहे ते कळायचं, कसं ते देव जाणे. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या, आणि तीन आपल्याकडे आल्या की डाव जिंकला, एवढंच बाकीच्यांना माहीत होतं. या दोघींना तीन मेंढ्यांत रस नव्हता. चारही ओढून कोट दिल्याशिवाय त्यांचा चहा गोड लागायचा नाही. चहा तीनला. लहानपणी तीनच्या पाळीचा गिरणीचा भोंगा व्हायचा तेव्हा डाव थांबायचा. पुढे जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, एकेक करून सगळ्या बंद पडल्या आणि भोंगेही गेले. त्यानंतर चहाला उशीर व्हायला लागला, ही त्या बंद गिरण्यांची आमच्या घरावर झालेली सर्वांत किरकोळ झळ. अक्काच्या घराला बसली ती मोठी होती, आणि त्या दिवसांत आजी रोज तिच्याकडे भाकऱ्यांची चवड घेऊन जायची. पण दुपारी चादरीवर अक्कानं चुकीचा हुकूम मारला तर ती वाचवायची नाही. "दुःख घरी ठेवून ये की गं, इथं हुकूम मोज."

आता खरी गोष्ट. आजी घरात सगळ्यांत शेवटी जेवायची. करपलेली भाकरी तिची, साय पोरांची, आमटीचा तळ तिचा. पाहुण्याच्या ताटातली पोळी संपायच्या आत दुसरी पडायची. कुणाच्या मुलाला कुठलं पेन हवं, कुणाच्या सुनेला कुठल्या महिन्यात डोहाळे, कुणाच्या भाच्याची नोकरी कुठे अडली, हे सगळं तिच्या डोक्यात. स्वतःसाठी तिनं काही मागितल्याचं कुणाला आठवत नाही. आणि हीच बाई चादरीवर बसली की एक हात, एक सुद्धा, कुणाला सोडत नसे. पाच-तीन-दोनमध्ये माझा एक हात कमी पडला, की पुढच्या डावात ती माझ्या पंजातून न बघता पत्ता ओढायची. तो हमखास एक्का निघायचा, आणि परत मिळायची अठ्ठी. मी सहा वर्षांचा होतो आणि रडायचो. ती एका हातानं पदरानं माझे डोळे पुसायची आणि दुसऱ्या हातानं माझ्या राजावर हुकूम मारायची. "झालं का रडून? मग टाक की बे. पत्ता काय अंडं घालायलाय हातात?"

ताप आला तर रात्रभर उशाशी बसून मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवायची. सकाळी ताप उतरला की मऊ भात, तूप, मेतकूट आणि लगेच कॅट. आजारातून उठलेला माणूस पानं मोजायला चुकतो, हे तिला माहीत होतं.

आत्याचा दिवाळसण तर आमच्याकडे अजून सांगतात. नवे जावई पहिल्यांदाच आलेले, बार्शीचे, बँकेत नोकरी, स्वभावानं अतिशय मऊ. दुपारी पुरणपोळीचं जेवण. आजी वाढायला उभी. "जावईबापू, अजून एक घ्या." "नको, सासूबाई." "असं कसं, एक तरी घ्याच." वरून तुपाची धार. चार पोळ्या तरी त्यांना अशा घालण्यात आल्या. रात्री झब्बू. ज्याच्याकडे उतारीच्या रंगाचं पान नसेल त्यानं दुसरं टाकून मारायचं, आणि ज्याचं पान मोठं त्यानं सगळी गड्डी उचलायची, एवढा साधा खेळ. शेवटी ज्याच्या हातात पत्ते उरतील तो गाढव. आजीनं पहिला झब्बू दिला तो जावयांना. दुसराही त्यांनाच. तिसऱ्याला ते केविलवाणं हसले. आजी दुपारच्याच आवाजात, त्याच मायेनं म्हणाली, "जावईबापू, अजून एक घ्या." मध्यरात्री जावयांच्या हातात दोन्ही कॅटांतले निम्म्याहून जास्त पत्ते होते, हातात मावेनात म्हणून काही मांडीवर ठेवलेले. आजोबांना घाम फुटला. जावयाला दिवाळसणाला गाढव केलं! आजीनं उठून त्यांना अहेराची अंगठी आणि धोतरजोडी दिली, औक्षण केलं, आणि म्हणाली, "उद्या परत बसू." जावई नंतर पन्नाशी उलटेपर्यंत दर दिवाळीला आले. आत्या म्हणते, माझ्यासाठी नाही यायचे, बदला घ्यायला यायचे.

सुनांच्या बाबतीत तिचं धोरण आणखी कडक. माझी आई लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच मेंढीकोटात सासूविरुद्ध बसली. सासूनं चौकटचा एक्का टाकला. आईच्या हातात हुकूम होता, चौकट नव्हती, मारायला हरकत नव्हती. पण नवी सून. सासूच्या एक्क्यावर हुकूम कसा मारायचा? तिनं किलवरची दुर्री टाकून हात सोडला. डाव संपल्यावर आजीनं तिची पानं उलगडून बघितली, हुकूम सापडला, आणि ती जी भडकली! तशी आईनं आमटी खारट केली तेव्हासुद्धा भडकली नव्हती. "माझ्यासाठी हात सोडलास? स्वयंपाकघरात मान ठेव, इथं ठेवायचा नाही. परत असं केलंस तर वेगळं जेवायला वाढीन." आई सांगते, त्या घरात मोठ्यांदा बोलायला ती शिकली ती चादरीवर. आधी "हुकूम!", मग "हा हात माझा आहे, सासूबाई", आणि मग काही वर्षांनी स्वयंपाकघरातही. आजीला हे कळत नव्हतं असं मला वाटत नाही. तिला पानं मोजता यायची, तसं बाकीचंही मोजता यायचं.

आजोबा मात्र या सगळ्याला जुगार म्हणत. ते महापालिकेतून निवृत्त झालेले, रोज ज्ञानेश्वरीचं एक पान वाचणारे, शिस्तीचे. त्यांचं म्हणणं, पत्ते म्हणजे वेळेचा नाश आणि घराण्याला बट्टा. आजीकडे दोन वकील होते. पहिला पंचांग. बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा म्हणतात, त्या दिवशी खेळायचंच असतं. पार्वतीनं शंकराला हरवलं होतं, मग तुम्ही कोण? कोजागरीला जागरण, जागरणात अक्षक्रीडा सांगितलेली. आता सोंगट्या काय आणि पत्ते काय. हरतालिकेचं जागरण, मंगळागौरीचं, महाशिवरात्रीचं. सगळी जागरणं धरली तर वर्ष बऱ्यापैकी भरतं. दुसरा वकील खराखुरा होता, वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचा. त्यानं तिला एकदा सांगितलं की सिकंदराबादच्या एका क्लबवर पोलिसांनी धाड घातली होती, ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, आणि १९६७ साली कोर्टानं निकाल दिला की रमी हा नुसत्या नशिबाचा खेळ नाही, त्याला कौशल्य लागतं. पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, कुठलं ठेवायचं नि कुठलं टाकायचं ते ठरवावं लागतं. तीन पत्त्यांच्या खेळाबद्दल मात्र कोर्टाचं मत चांगलं नव्हतं. झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात तीन पत्तीला बंदी आणि रमीला घटनात्मक संरक्षण. आजोबांनी कपाळाला आठी घातली की आजी शांतपणे म्हणायची, "कोर्टानं लिहून दिलंय."

रमी पैशांवर नाही, शेंगांवर. सोलापुरात शेंगांना तोटा नाही. प्रत्येकाला सुरुवातीला एक ओंजळ, आणि हरलेल्यानं गुणांप्रमाणे मोजून द्यायच्या. अडचण एवढीच की आम्ही पोरं भांडवल फोडून खायचो. डाव रंगात यायच्या आत मधला भाऊ दिवाळखोर व्हायचा आणि त्याच्या मांडीखाली टरफलांचा ढीग सापडायचा. आजीनं त्याला उधार दिलं नाही. "भांडवल खाल्लंस ना? आता बघत बस." तो आता व्यापारात आहे आणि बरं चाललंय त्याचं. उधारी मात्र आजही कुणाला देत नाही.

मध्ये काकूच्या माहेरचे लोक चिपळूणहून आले आणि त्यांनी तीनशेचार शिकवायचा प्रयत्न केला. गुलामाला तीस गुण, नव्वीला वीस, एक्क्याला अकरा, दश्शीला दहा, राजाला तीन आणि राणीला दोन, चारही रंगांची बेरीज तीनशे चार. आजी ऐकत राहिली. मग म्हणाली, "गुलामाला तीस आणि राजाला तीन? हे राज्य चालवतंय कोण?" कोकणाबद्दलची तिची सगळी मतं त्या एका वाक्यात पक्की झाली. रात्री नवाला खेळ समजला, अकरापर्यंत तिनं व्याह्यांना हरवलं, आणि सकाळी त्यांना निरोप देताना शेंगाचटणीची पुडी बांधून दिली.

ती म्हातारी होत चालली आहे हे आम्हाला उशिरा कळलं, आणि कळलं तेही पत्त्यांमुळेच. बदामसात चालू होतं. बदामची सत्ती खाली पडलेली, आणि आजीनं तिच्यावर चौकटची अठ्ठी लावली. माजघर गप्प झालं. आजी चुकते ही गोष्ट आमच्या कल्पनेत बसत नव्हती. बाबा हळूच म्हणाले, "आई, ती चौकट आहे." आजी क्षणभर थांबली. "ठाऊक आहे की. बघत होते कुणाचं लक्ष आहे." दुसऱ्या दिवशी बाबांनी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू. डॉक्टरांनी विचारलं, इतके महिने चाललं कसं? मग तिनं सांगितलं. बदाम आणि चौकट सारखेच दिसायला लागले तेव्हापासून ती आपल्या हातातली लाल पानं बाकीच्यांनी काय टाकलं यावरून ओळखत होती. म्हणजे आम्ही तिची पानं ओळखायची धडपड करत होतो, आणि ती स्वतःसुद्धा तेच करत होती, आणि तरी जिंकत होती. ऑपरेशननंतर पट्टी निघाली, तिनं कॅट मागवला, एकेक पान निरखलं आणि म्हणाली, "शी! एवढ्या घाण पत्त्यांनी खेळायलाव आपण?" तेव्हा कुठे नवा कॅट आला. जुन्या कॅटच्या डागांचं ज्ञान वाया गेलं आणि पुढचा महिनाभर ती खरोखर हरली. त्या महिन्यात घरात फार कुणी बोलत नसे.

२०१८ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी ब्रिजमध्ये सुवर्णपदक मिळवलं. बर्धन साठीचे, सरकार छप्पन्नचे. आजीनं पेपर दोनदा वाचला. त्या पथकात ७९ वर्षांच्या रीटा चोक्सी होत्या, हे तिला विशेष आवडलं. ती स्वतः ऐंशी ओलांडून गेलेली. "सरकारनं पाठवलं? विमानानं? पत्ते खेळायला?" तिनं पेपर आजोबांच्या फोटोसमोर नेऊन धरला. ते जाऊन दोन वर्षं झाली होती, पण वाद संपलेला नव्हता. मग अक्काला हाक मारली. अक्काचे गुडघे गेलेले, ती खुर्चीवर बसून खेळायची. "अक्का, मेंढीकोट कधी घेणारेत विचार गं." अक्का म्हणाली, "घेतलं तरी पासपोर्ट कुठंय वहिनी तुमच्याकडं?" यावर दोघींनी थोडा वेळ गंभीरपणे विचार केला.

धाकट्या नातवानं तिच्यासाठी मोबाइलवर रमी आणून दिली. तिनं चष्मा लावून बघितलं.

"हे पिसलं कुणी?"

"कॉम्प्युटरनं, आजी."

"आणि काटलं कुणी?"

"काटायचं नसतं यात."

तिनं फोन परत दिला. न काटलेल्या पत्त्यांनी आयुष्यात खेळले नाही, आता कशाला. आणि त्यात पैसे लावा म्हणून जाहिरात यायला लागली तेव्हा तर ती चिडलीच. "कोर्टानं डोकं लागतं म्हटलंय. खिसा लागतो असं कुठं म्हटलंय?"

ती गेल्यावर कपाटात तिची वही सापडली. लांबट, लाल कापडी बांधणीची, दुकानदार वापरतात तसली. डावीकडच्या पानांवर दुधाचा रतीब, धोब्याचे कपडे, कुणाला किती उसने दिले. उजवीकडे मेंढीकोट. कुणी कुणावर किती कोट चढवले, बाणांच्या खुणा करून. आईच्या नावासमोर पहिल्या वर्षी भोपळे, मग एक, मग तीन, आणि पुढे एका पानावर 'सूनबाई, माझ्यावर, कोट' असं ठळक. त्याच तारखेला डावीकडे 'पेढे, पाव किलो'. पेढे कशासाठी आणले होते ते आईला आठवत नाही, किंवा सांगायचं नाही.

पण वहीमुळे भांडण मिटलं नाही, पेटलंच. एका दिवाळीच्या रात्री आजी आणि काका भिडू होते, विरुद्ध आत्या आणि जावई. अकराव्या हाताला लाइट गेली. आली तेव्हा आजीपुढे सगळेच्या सगळे हात रचलेले होते आणि तिनं बावन्नपत्ती कोट जाहीर केला. आत्याचं म्हणणं, अंधारात एक हात चादरीवरून पलीकडे गेला. तेव्हापासून हे चालू आहे. वहीत त्या रात्रीची नोंद आहे, आजीच्याच वळणदार मोडीमिश्रित अक्षरात: 'बावन्नपत्ती. लाइट गेली होती, पण हात आमचाच.' काका ती वही आता प्रत्येक समारंभाला पिशवीत घालून आणतो आणि म्हणतो, बघा, पुरावा, अक्षर आईचंच आहे. आत्या म्हणते, आईचंच आहे, म्हणूनच विश्वास ठेवायचा नाही.